मनोहरचं माप

त्या रविवारी आमटीची वाटी कलंडली नसती, तर दिगंबर मास्तरांना आणखी किती दिवस काही कळलं नसतं, हे सांगता येत नाही.

मनोहर, त्यांचा धाकटा भाऊ, दर रविवारप्रमाणे मिरजेहून सांगलीला जेवायला आला होता. वय चोपन्न, कॉलेजात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, लग्नाच्या भानगडीत पडला नाही. अलीकडे दाढी वाढवली होती आणि ती त्याला शोभतही होती. अंगात राखाडी सूट. सुट्टीच्या दिवशी भावाकडे पुरणपोळी खायला सूट घालून कोण येतं, असं आता कोणी विचारत नसे, कारण आता सगळेच तसे येत. सुलोचनाबाईंनी आग्रहाने आमटी पुढे केली. "नको वहिनी, खरंच जागा नाही पोटात," म्हणत मनोहरने हात आडवा घातला, आणि वाटी कोटापासून शर्टापर्यंत सगळीकडे सांडली.

"काढा ते आधी. मी खळबळून टाकते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाटातून आपला एक सदरा काढून दिला. साधा सुती, स्वतःच्या हाताने शिवलेला. हा सदरा मनोहरला काखेत दाटायचा आणि त्यावरून दर वेळी त्याची थट्टा व्हायची. या वेळीही मास्तर थट्टेच्या तयारीतच बसले होते. मनोहर आतल्या खोलीतून सदरा घालून आला आणि मास्तरांचा घास हातातच राहिला. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. गळपट्टीतून दोन्ही हाडं वर आलेली, अर्ध्या बाह्या कोपराच्या पुढे उतरलेल्या.

"मन्या, इकडं ये."

"काय झालं?"

मास्तर उठले आणि डाव्या हाताने त्याच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरलं. चार बोटं कापड जास्तीचं आलं. कापडाखाली बरगड्या मोजता येत होत्या.

"कधीपासनं हे?"

"कधीपासनं काय, दादा? बरा आहे की मी. भूक जरा मंदावलीये, वयच झालं."

तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. मनोहरला खरोखरच ठाऊक नव्हतं.

आता हे असं कसं झालं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

काही वर्षांपूर्वीपर्यंत सूट म्हणजे लग्नातला आणि मुलाखतीतला. सांगलीच्या उन्हात नवरदेवाने तो घातला की मागे कोणीतरी पंखा घेऊन उभं राहावं लागे. मग पुण्याच्या 'सुघटन' नावाच्या कंपनीने ते कापड आणलं. नाडीला पीळ घालत राहिलं की ती आखडत जाते आणि सोडली की पुन्हा लांब होते, हे कोणीही पाहिलेलं असतं. कंपनीने केसाएवढ्या नायलॉनच्या धाग्याला असाच पीळ घातला. त्याला किंचित ऊब दिली की तो आखडतो, गार झाला की सैलावतो. आपले स्नायू करतात तेच. ऊब द्यायला लागते ती चिमूटभर वीज अंगाच्या उष्णतेतून आणि चालण्याहलण्यातून मिळते. शिवाय धागा ताणला की त्यातून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा बदलतो, म्हणून आपण कुठे किती ताणले गेलो आहोत हे धाग्याला स्वतःलाच कळतं. थोडक्यात, दोरा, सुई आणि टेप, तिन्ही एकाच धाग्यात.

कोटाच्या छातीत पूर्वी जाड कॅनव्हास घालत, त्या जागी या धाग्यांचे तीन थर आले. खांदा पडका असेल तर वरचा थर तो उचलून धरी, छाती खोल असेल तर मधला फुगून ती भरून काढी. घाम आला की विणीतली छिद्रं उघडत. सूट लुंगीइतका सुखाचा झाला. मग काय विचारता! ग्रामसेवकापासून चेअरमनपर्यंत सगळे सुटात. बिनबटणाचे कोट आले, भरदार खांदे आले, शेवाळी राखाडी रंग आला, आतले शर्टही त्याच कापडाचे आले. पँट कमरेला आपणहून धरून राहायला लागली, तसे दुकानांतून पट्टे नाहीसे झाले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण माणूस वाळायला लागला की पहिल्यांदा त्याला सांगतं ते पट्ट्याचं भोक, आणि तेच गेलं.

या कापडाला फिटिंग शिकवलं कुणी? तर याच मास्तरांनी, दिगंबर पोरे या शिंप्यांनी. सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या दुकानात शर्वरी सबनीस नावाची एक तरुण इंजिनियर येऊन बसली, ती दोन वर्षं येत राहिली. मास्तरांच्या हातात तिने बारीक तारांचे मोजे चढवले आणि ते खडू कुठे दाबतात, टाचणी कुठे लावतात, कापड किती चिमटतात, सगळं टिपून घेतलं. पस्तीस वर्षांच्या मापाच्या वह्याही मागितल्या. त्या वह्यांत गंमत होती. मापं देवनागरीत असत, पण अंगातली खोड मोडी लिपीत. 'उजवा खांदा अर्धा इंच खाली', 'पाठीला पोक', 'छाती आत'. पोऱ्यांच्या घरात ही मोडी आजोबांपासून चालत आली होती, पण दुकानात बसणाऱ्यापुरतीच; मनोहर ती शिकला नव्हता. का, तर गिऱ्हाईक वहीत डोकावलं तरी त्याला वाचता येऊ नये.

मास्तरांना त्या दिवसांत आकाश ठेंगणं झालं होतं. आपला हात आता लाखो कोटांत शिरणार, याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? पहिला सूट कंपनीने त्यांना भेट दिला, तो त्यांनी मनोहरला घातला. मनोहरची छाती लहानपणापासून जरा आत होती. सुटात ती अशी भरली की मास्तर त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "आता कसा प्रोफेसर दिसतोस!" दादाच्या हातचं म्हणून मनोहर तो सूट घालू लागला आणि पुढे दुसरं काही घालेनासाच झाला.

मिरजेच्या डॉक्टरांनी तीन दिवसांत सगळ्या तपासण्या केल्या. पोटात गाठ होती आणि ती आता पोटापुरती राहिली नव्हती.

"वजन सोळा किलो उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

घरात म्हणजे दर रविवारी. मास्तर खाली मान घालून बसले.

"सहा महिने आधी आले असते तर सरळ ऑपरेशन केलं असतं. आता आधी औषधं देऊन बघू. आशा सोडायची नाही, पण मी खोटंही सांगणार नाही." बोलता बोलता डॉक्टरांनी स्वतःच्या कोटाची कॉलर उगाच चाचपली. त्यांच्या अंगातही तसलाच कोट होता.

बाहेर आल्यावर मनोहर म्हणाला, "दादा, तू कशाला तोंड पाडतोस? मलाच कळलं नाही, तुला काय कळणार?"

पण मास्तरांना तेच डाचत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा डावा खांदा पाव इंच खाली आहे, हे चहाचा घोट घेता घेता सांगणारा हा माणूस. सख्खा भाऊ दहा महिने समोर बसून वाळत गेला आणि याने दर रविवारी त्याच्या कोटाच्या फिटिंगचं कौतुक केलं!

पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळीच शर्वरी पुण्याहून आली. मास्तरांनी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की मनोहर वाळलाय, त्याचा सूट तपासायचाय. तिने कोट कटिंगच्या टेबलावर पसरला, आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"काका, कापडाने दहा महिन्यांत छातीला पाच इंच भरलेत. कमरेला सहा इंच आत घेतलंय. आठवड्या-आठवड्याची नोंद आहे."

"म्हणजे कापडाला कळत होतं?"

"हो."

"दर आठवड्याला?"

"रोज, काका."

मास्तरांचा आवाज चढला. "मग बोललं का नाही? एवढी अक्कल घातलीस त्याच्यात, एक शब्द बोलायला काय झालं होतं त्याला?"

  शर्वरीने पिशवीतून छोटा ध्वनिमुद्रक काढला आणि एक जुनी नोंद लावली. दोन वर्षांचं सगळं बोलणं तिने जपून ठेवलं होतं. दुकानातल्या शिलाई मशीनची घरघर ऐकू आली, मग तिचा स्वतःचा आवाज, जरा कोवळा: 'काका, कापडाला अंगातला फरक कळला तर त्याने तो घालणाऱ्याला सांगावा का?' आणि मग मास्तरांचा, ठणठणीत: 'अजिबात नाही. लिहून घे. गिऱ्हाईकाच्या अंगातली खोड दुसऱ्याला सोड, गिऱ्हाईकालासुद्धा सांगायची नाही. शिंप्यानं गुमान झाकायची. आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे हा.'

 शर्वरीने ध्वनिमुद्रक बंद केला.

"मी तो पहिलाच नियम म्हणून घातला, काका. त्याच्यावर बाकीचं सगळं उभं आहे."

मास्तर बोलले, ते तिच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "साळुंखे वकील होते. काळा कोट माझ्याकडंच शिवायचे. एका वर्षात दोनदा आत घेतला त्यांचा. तिसऱ्यांदा आले, तर मी कोट ठेवूनच घेतला. म्हटलं, वकीलसाहेब, आधी डॉक्टरकडं जाऊन या, मग कोट न्या... रागावले माझ्यावर. पण गेले. त्यानंतर वीस वर्षं जगले."

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत."

"मला तरी कुठं आठवत होतं? तो काय नियम होता का? ते आपलं असंच, ओघानं केलं. असे कितीतरी असतील. वहीत थोडंच लिहितो कुणी!"

आणि खरंच, वहीत ते नव्हतं. मोज्यांच्या तारांनीही ते टिपलं नव्हतं. मास्तरांनी तोंडाने सांगितला तेवढाच नियम कापड शिकलं होतं, आणि मास्तर स्वतः तो नियम कधी मोडतात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"अजून एक सांगते," शर्वरी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमचा फोन आला तेव्हाच मी सगळ्या कोटांची बेरीज काढली. नावं दिसत नाहीत, आकडे दिसतात. या घडीला महाराष्ट्रात साडेचार हजार कोट असे आहेत, की आतला माणूस दोन इंचांहून जास्त आटलाय."

"त्यांना सांग मग! बसलीस काय?"

"कोटाने कुणालाही निरोप द्यायचा तर संचालकांची परवानगी लागते. मी कालच विचारलं. ते म्हणाले, निरोप जायचाच असेल तर ज्याने सूट घेऊन दिला त्याला जाईल. म्हणजे बहुतेक ठिकाणी ऑफिसला. आजारी माणसाला ऑफिस काय करेल, सांगा?"

ते सांगायची गरज नव्हती. मास्तरांनी कात्री उचलली, उगाच उघडझाप केली, खाली ठेवली.

"फिटिंग तुझ्या हातात आहे?"

"फिटिंग आहे. सैल-घट्ट करायला मला कुणाला विचारावं लागत नाही."

"मग सैल पडू दे."

"म्हणजे?"

"दोन इंचांपर्यंत झाकू दे त्याला. पुढं गेलं की सोडून द्यायचं. जुना कोट कसा, अंग उतरलं की लोंबायला लागायचा, तसं. कुणाला निरोप नको, चिठ्ठी नको. माणूस सकाळी आरशात बघेल. नाहीतर घरातलं कोणीतरी बघेल. ज्याला त्याची काळजी, त्याला दिसेल."

शर्वरीने मान डोलवली. यानंतर कंपनी तिला दारातही उभं करणार नाही हे तिला दिसत होतं, तरी तिने मान डोलवली. "सोमवारी सकाळी लागू करते," ती म्हणाली.

मनोहरला हे सांगितलं तेव्हा तो खिडकीपाशी बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होता. पहिलं औषध सोसून झालं होतं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. धाग्याचं विज्ञान त्याला मास्तरांपेक्षा जास्त कळत होतं.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. मग लाल पेनचं टोपण घालत-काढत हळूच म्हणाला, "पण दादा, माझा तेवढा राहू दे."

"तुझा?"

"मला तर कळलंच आहे ना आता. सांगायचं कुणाला राहिलंय? सोमवारी वर्गावर जायचंय मला. शंभर पोरं बघत असतात. त्यांना मी पोतेऱ्यासारखा नको दिसायला. दे की एवढं माझं."

हा मुलगा सात वर्षांचा असताना आई गेली. तेव्हापासून दादाकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं.  मास्तरांनी शर्वरीला फोन केला. "एक कोट वगळणं दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली, आणि एवढंच म्हणाली. मास्तरांना तिचं ते गप्प राहणं टोचलं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ठिकठिकाणी कोट उतरले. आवाज नाही, काही नाही. बँकेच्या काउंटरमागे एकाच्या खांद्यावरून कोट घसरला. स्टँडवर एक कंडक्टर पँट धरून उभा राहिला. बातम्यांत 'सुघटन'चे कोट बिघडल्याचं आलं. लोक हसले, चिडले. कापडाला फिटिंग मास्तरांनी शिकवलंय हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्यांच्या दुकानाचा फोन दहा वाजल्यापासून खणखणत होता. कुणाची बायको रडत बोलली, कुणी शिव्या घातल्या. एका बाईंनी फक्त विचारलं, "मास्तर, ह्यांचा कोट खरंच बिघडलाय ना?" मास्तरांनी सांगितलं, "वहिनी, कोट बरोबर आहे. त्यांना डॉक्टरकडं घेऊन जा." 

अकरापर्यंत दुकानाच्या पायरीवर पाच-सहा जण येऊन उभे राहिले. कोट हातात घेतलेले, एकमेकांकडे न बघणारे. 'पुन्हा बसवून द्या' म्हणायला आले होते. मास्तर एकेकाला आत घेत होते, आणि बसवून न देता त्याच्याशी बोलत होते.

त्यांच्यामधून वाट काढत मनोहर आत आला. मास्तरांनी घड्याळात पाहिलं. ही तर त्याच्या तासाची वेळ होती. त्याच्या अंगात दादाचा तो सुती सदरा होता आणि सदऱ्यात तो जवळजवळ नव्हताच.

"मन्या! कोट कुठाय?"

"बाबरांना दिला."

बाबर म्हणजे कॉलेजचे शिपाई. मास्तरांना माहीत होते, मनोहरच्या बोलण्यात दर रविवारी येत.

"वर्गाच्या दारात हजेरीपट घेऊन उभे होते," मनोहर म्हणाला. तो स्टुलावर बसला, दम खाल्ला. "एकदम त्यांचा कोट सुटला. आतनं माणूस एवढासा. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. बाबरांना कळेना, कुठं बघावं. माझ्याकडं बघितलं त्यांनी. आणि मी शेजारी उभा, हा असा छाती भरून." त्याने हाताने दाखवलं. "दादा, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"मग मी कोट काढून बाबरांच्या अंगावर घातला. सदरा पिशवीत होता, तुला परत द्यायला आणलेला. तो घातला. पोरांसमोर. बाबरांना म्हटलं, चला, माझ्या डॉक्टरांकडं जाऊ. ते त्यांच्या मुलाबरोबर पुढं गेलेत. मी म्हटलं, आधी दादाकडं जाऊन येतो."

मास्तरांना आता कळलं, शर्वरी फोनवर गप्प का झाली होती. साडेचार हजार लोकांचं उघडं करायला सांगितलं आणि आपल्या भावाचं झाकून ठेवलं. तीच चूक, दुसऱ्यांदा. त्यांचे डोळे भरले आणि पायरीवरच्या लोकांसमोर त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"चुकलं माझं, मन्या."

"ते राहू दे. माप घे माझं." मनोहर उठून आरशासमोर उभा राहिला. "साधा कोट शिव. तुझ्या हातचा, बिनअकलेचा. शिवणीत भरपूर माया ठेव, अंग भरलं तर उसवून वाढवता आला पाहिजे. आणि दर महिन्याला माप घ्यायचं."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. नवीन वहीचं पान उघडून मनोहरने ती स्वतःपुढे ओढली. मापं मास्तरांनी पुकारायची आणि लिहायची मनोहरने, हे त्याच्या शाळेच्या दिवसांत रोजचं काम होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा ते तसे उभे राहिले.

"खांदा साडेसोळा."

"साडेसोळा."

"बाही चोवीस."

"चोवीस."

मास्तरांनी टेप छातीभोवती घेतला. मागच्या वहीत इथे चाळीस होतं. टेपची दोन टोकं जिथे मिळाली तिथला आकडा त्यांनी वाचला, टेप जरा सैल सोडून पुन्हा वाचला आणि टोकं तिसऱ्यांदा जुळवली.

"सांग की, दादा. लिहितोय मी."

"चौतीस."

मनोहरने लिहिलं. मग मास्तरांनी सवयीने पेन्सिल घेतली आणि आकड्याच्या बाजूला, कोपऱ्यात, बारीक मोडी अक्षरात काहीतरी लिहायला वाकले. मनोहरने त्यांचा हात धरला.

"देवनागरीत लिही," तो म्हणाला. "मला वाचता आलं पाहिजे."